शेळी झाल्यावर लुगडं कुठं जातं?

शेळी झालेल्या बाईचं लुगडं कुठं जातं, हा प्रश्न मी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भिंगारमधल्या आमच्या पुढच्या खोलीत, रविवारी दुपारी कॉलेजातल्या तीन पोरींना विचारला. प्रश्न रास्त होता. एक पोरगी हसून हसून सतरंजीवर आडवी झाली. दुसरीनं चष्मा वर ढकलून विटेएवढं पुस्तक उघडलं. तिसरी माझी नात. ती म्हणाली, "आजी, नियम विचारायचे तर आधी तुझी पाळी येऊ दे."

"माझी पाळी जाऊन पंचवीस वर्षं झाली," मी म्हटलं. आडवी झालेली पुन्हा उठलीच नाही.

खेळ असा. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. गोष्ट सांगणारी माझी नात. त्यांच्यातली चौथी मैत्रीण लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिचं पात्र मागं राहिलं. ते पात्र म्हणजे ड्रुइड. जंगलात राहणारी एक तपस्विनी, हवं तेव्हा जनावराचं रूप घेते. मी म्हटलं, मी बसते तिच्या जागी. नातीला वाटलं, आजोबा गेल्यापासून आजीला विरंगुळा नाही. मला विरंगुळा नको होता. मला नियम हवे होते.

माझी थोरली बहीण, आक्का, शेवगावच्या पुढं तिच्या सासरी असते. दोन वर्षांपासून तिला विसरायचा आजार आहे. ती मला ओळखत नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं, या वयात कोण कुणाला धड ओळखतं? पण आक्का मला शोधते. रोज उंबऱ्यात उभी राहून, माझ्या पाळण्यातल्या नावानं, जे नाव आता दुसऱ्या कुणाच्या तोंडात उरलेलं नाही, त्या नावानं हाका मारते. आणि मी समोर जाऊन उभी राहिले की मला म्हणते, "बाजूला व्हा बाई, रस्ता दिसंना."

हे मी खेळायला बसायच्या आठवडाभर आधी ऐकून आले होते. तिच्या सुनेचा फोन आला, "मावशी, आत्या जेवत न्हाईत. म्हनत्यात, धाकली आल्याबिगर न्हाई." मी पहिल्या एसटीनं गेले. आक्कानं मला नीट न्याहाळलं. माझी पर्स, माझं घड्याळ, चष्मा. मग सुनेला म्हणाली, "मतदार यादीवाल्या बाई आल्यात. पानी दे." मला वाटलं चेष्टा करतेय, कारण चेष्टेत ती माझी गुरू. मीही म्हटलं, "हो, यादी घ्यायची आहे. नावं सांगा." तिनं घरातली सगळी नावं बिनचूक सांगितली, नवऱ्याचं सोडून, ते नाव ती अजूनही घेत नाही. मग पुढं सरकून हळूच म्हणाली, "माझ्या भनीचं नाव ऱ्हायलंय बघा. ते पन घ्या. लई दीस झालं, दिसली न्हाई." आणि ते नाव सांगितलं. मी पर्समधून पेन काढलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागं माझंच नाव लिहून घेतलं. दुसरं काय करणार होते?

तर पुढच्या रविवारी मी सतरंजीवर बसले आणि लुगड्याचा प्रश्न विचारला.

चष्मेवालीनं बोट ठेवून वाचलं. "तीन पर्याय आहेत आजी. कपडे खाली पडतात, किंवा अंगात विरघळून जातात, नाहीतर जनावराच्या अंगावर तसेच राहतात. कुठला ते तुम्ही ठरवायचं."

"आणि मंगळसूत्र?"

"तेही विरघळू शकतं."

"मग परत बाई झाल्यावर?"

"जिथल्या तिथं. गळ्यात."

"तुमची ड्रुइड कधी सासरी गेलेली दिसत नाही," मी म्हटलं.

पात्राचा एक कागद असतो. जुनीचं नाव खोडलेलं होतं, तिथं नवं लिहायचं होतं. नात पेन्सिल धरून बसली. मी तिला माझं पाळण्यातलं नाव सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं; घरात कुणालाच नव्हतं. ती म्हणाली, "भारी आहे. जंगलातलं वाटतं." आणि त्या दुपारी तिघी पोरी मला त्या नावानं हाक मारत राहिल्या, तू इकडं जा, तू आता काय करतेस, तुझा फासा. एका दुपारी इतक्या वेळा मी ते पन्नास-पंचावन्न वर्षांत ऐकलं नव्हतं. चहा करायच्या निमित्तानं मी दोनदा आत गेले.

नियम असा की जे जनावर आपण डोळ्यांनी पाहिलंय तेच होता येतं. चष्मेवाली म्हणाली, "आजी, लांडगा घ्या ना. पण तुम्ही लांडगा पाहिलाय का?"

"पाहिलाय म्हणजे? त्यानंही मला पाहिलंय."

मी सात वर्षांची, आक्का बारा-तेरा. माळावर आमच्या शेळ्या. राखायच्या आक्कानं, आणि मी बोरीच्या सावलीत झोपायचं, अशी आमची कामाची वाटणी होती. जाग आली ती हाकेनं. आक्काची हाक म्हणजे माझ्या नावातला शेवटचा आ पार टेकाडापलीकडं जायचा. मी डोळे उघडले तर दहा पावलांवर लांडगा, आणि त्याच्या पलीकडं आक्का, हातात काठी. तिनं काठी फेकली नाही, दगड मारला नाही. फक्त माझ्या नावानं ओरडत त्याच्या अंगावर चालून आली. लांडगा माझ्याकडं पाहत राहिला, मग एक करडू उचलून गेला. करडासाठी आक्कानं मार खाल्ला. मी झोपले होते हे तिनं घरी सांगितलं नाही.

"लांडगा नको," मी म्हटलं. "शेळी द्या."

"आजी, शेळी लढणार काय?"

"शेळी लढत नाही, ती नुकसान करते. द्या."

आणि मग मी माझे खरे प्रश्न काढले. शेळी झाल्यावर मन कुणाचं? चष्मेवाली म्हणाली, तुमचंच. रूप बदलतं, मन तेच. सगळं कळतं, सगळं आठवतं, फक्त बोलता येत नाही. मी म्हटलं, आणि उलटं? म्हणजे रूप तेच, गालावरचा तीळ तोच, हाताची नखं खायची खोड तीच, आणि मन मात्र भलतीकडं? तिनं बरीच पानं उलटली. "त्याला वेगळा नियम असेल आजी. हा ड्रुइडचा चॅप्टर आहे."

"बरं. शेळी घरी गेली, तर घरच्यांना ओळखू येते का?"

"नाही. तिनं काही खूण पटवली तर फासा टाकायचा."

"किती पडले म्हणजे ओळखतात?"

"ते मी ठरवणार," नात म्हणाली. तिला वाटत होतं मी खेळतेय.

"आणि परत आपल्या मूळ रूपात यायचं असेल तर?"

"सोपं आहे. मनात आणलं की आलं. कधीही."

"पन्नास वर्षांनीसुद्धा?"

इथं चष्मेवाली आणि आडवी पडणारी यांचं भांडण लागलं. एक म्हणे, काही तासांनी आपोआप माणूस व्हावंच लागतं, पन्नास वर्षं नाहीच. दुसरी म्हणे, लेव्हल वाढली की कायमचं राहता येतं. मग जखमांवरून जुंपली. जुन्या पुस्तकाप्रमाणं जनावराला लागलेलं जनावराबरोबर जातं, परत माणूस झालं की अंग पहिल्यासारखं. नव्या पुस्तकाप्रमाणं थोडंफार वरच्यावर झेललं जातं, बाकी सगळं आपल्यालाच लागतं. माझ्याकडं निकालाला आल्या.

"नवं पुस्तक कुणातरी म्हातारीनं लिहिलेलं आहे," मी म्हटलं.

आता त्या भवानीबद्दल सांगते, म्हणजे माझ्याबद्दल, वय वर्षं एकोणीस. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. बऱ्याच जणींचं ते ताटातच राहतं. पण ह्यांनी लष्कराच्या कचेरीत काम करता करता कुठंसं ऐकलेलं, मधोमध जोडाक्षर असलेलं असं झोकदार नाव निवडलं होतं, आणि मी त्यावर भाळले. नवऱ्यावर नंतर भाळले, आधी जोडाक्षरावर. भिंगारात आले आणि तीन महिन्यांत 'हाय' सोडून 'आहे' म्हणायला लागले, 'न्हाई' सोडून 'नाही'. आरशासमोर उभी राहून ण घोटायची. पाणी, लोणी, कोण, आणि मग मान वेळावून परत पाणी. शेजारणीला वाटायचं, बाईला सारखी तहान लागते.

पहिल्यांदा माहेरी गेले ते नायलॉनच्या साडीत, काखेत पर्स. पर्समध्ये फक्त एक रुमाल आणि दुसरा रुमाल. आक्काही तेव्हा आली होती, कडेवर पोर घेऊन. मला पाहताच अंगणातून तिनं ती माळावरची हाक मारली. माझ्याबरोबर नणंद होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जवळ जाऊन, नणंदेला ऐकू जाईल अशा बेतानं, नव्या शुद्ध भाषेत म्हणाले, "आक्का, मला आता त्या नावानं हाक मारायची नाही. ती मी नाही आता."

आक्कानं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं. म्हणाली, "बरं बाई. काय म्हनायचं मंग?"

मी नवं नाव सांगितलं. तिच्या जिभेवर ते जोडाक्षर बसेना. ती मधे एक अ घालायची, नाव लांबायचं, नणंद हसायची, आणि नणंद हसली की मी जास्त हसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्याकडं गेले तर आक्का शेळीची धार काढत होती आणि धारेच्या ठेक्यावर माझं नवं नाव म्हणत होती. चुकायची, थांबायची, परत म्हणायची. शेळीला म्हणाली, "तुला तरी येतं का गं?" मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले. घरात जाऊन सगळ्यांना सांगितलं. नक्कलसुद्धा करून दाखवली, शेळीसकट. फार टाळ्या पडल्या.

पुढं सारी वर्षं आक्कानं मला त्या मोडक्या नव्या नावानंच हाक मारली. एकदाही चुकून जुनं आलं नाही. आई गेली तेव्हा गळ्यात पडून रडतानासुद्धा नाही. मला वाटलं, विसरली. एवढंच ती विसरली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला तिला बाकी सगळं विसरावं लागलं.

तर, मनात आणलं की मूळ रूप. मी मनात आणलं.

आक्काच्या सुनेला फोन करून कळवलं. ट्रंकेच्या तळाशी सासूबाईंचं एक नऊवारी होतं, ते काढलं. चष्मा घरी, घड्याळ घरी, पर्स घरी. नात म्हणाली, "आजी, चष्म्याशिवाय तू पडशील, मी येते." एसटीत मी बोलायचा सराव केला. करंजीचा घाट उतरेपर्यंत हळू आवाजात, हाय, न्हाई, हुतं, गेल्ती, कोन, पानी. पन्नास वर्षांपूर्वी जे आरशासमोर उलटं केलं होतं ते सुलट करत होते. नात खिडकीतून बाहेर बघत होती. तिसगाव गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. नाव, नणंद, शेळी, टाळ्या. ती खिडकीकडून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "म्हणून ते नाव सांगितलंस?" मी म्हटलं, "ओळखायला फासा किती ठेवलायस?" तिनं तोंड फिरवलं.

आक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. सून म्हणाली, सकाळपासून घास नाही. मी चपला काढल्या आणि अंगणात, पूर्वी उभी राहायचे तशी, पाय फाकवून उभी राहिले आणि हाक मारली, "आक्केऽ, भूक लागलीया! भाकर हाय का न्हाई?"

आक्काचे डोळे मिटलेलेच. पण तिचा चेहरा उघडला. तो मी कसा सांगू? सगळ्या सुरकुत्या एकदम वर गेल्या. म्हणाली, "आली का गं? कुठं उलथली हुतीस? हाय की भाकर. ये." आणि हात पुढं केला.

मी धावले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, नऊवारीत, बिनचष्म्याची, जेवढी धावेल तेवढी धावले. हात हातात घेतला. तिनं माझी बोटं चाचपली. माझ्या बोटात संधिवातानं गाठी आहेत. त्या गाठींवर तिचं बोट थांबलं, एकेक गाठ मोजल्यासारखं फिरलं, आणि तिनं डोळे उघडले.

"तुमी कोन?"

"मीच हाय, आक्के. धाकली."

"न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही, एखाद्याला रस्ता चुकलाय असं सांगावं तसं. "आवाज तिचाच हाय. पर तुमी लई म्हाताऱ्या हायात." तिनं हात सोडवून घेतला. मग इकडंतिकडं पाहून माझ्या कानाशी आली. "तुमच्याकडं येती का ती? भेटली तर एक सांगा. म्हनावं, रुसू नगं. त्या नावानं मी हाक मारती ते चुकतं माझं. आता न्हाई मारनार. आता नवं यायला लागलंय मला."

आणि ती उठली. भिंत धरून, खांब धरून उंबऱ्यापर्यंत गेली, रस्त्याकडं तोंड केलं, आणि माझं नवं नाव घेऊन हाक मारली. मधला अ नव्हता. जोडाक्षर असं स्वच्छ लागलं की मला स्वतःलाही कधी तसं म्हणता आलेलं नाही.

"ओ," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

आक्का वळली. आता मात्र ती चिडली.

"हाक तिला मारली. ओ तुमी कशाला देता?"

सुनेनं तिला आत नेलं. नातीनं मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. आतून आक्का विचारत होती, यादीवाली बाई गेली का, भनीचं नाव नीट लिवलं का, जुनं नगं, नवं लिवा म्हनावं. सून हो हो म्हणत होती. त्या दिवशी आक्का थोडं जेवली, दूध आणि कुस्करलेली भाकरी. मी बाहेर होते म्हणून जेवली, असं सुनेनं मला सांगितलं. बरं वाटावं म्हणून सांगितलं असणार.

परत येताना नातीनं माझा हात धरला होता. शेवगाव स्टँडवर मी तिला विचारलं, "मूळ रूपात यायला गेलं आणि मूळ रूपच नसलं तर काय नियम आहे?" ती म्हणाली, "आजी, प्लीज." मी म्हटलं, "नाही, पुस्तक बघून सांग, घाई नाही." ती रडायला लागली, आणि मग मलाच तिची समजूत काढत बसावं लागलं.

पुढच्या रविवारी पोरी आल्या. मी बसले, न बसायला कारण काय सांगणार होते? माझी शेळी एका किल्ल्याच्या दारात उभी होती. चष्मेवालीनं नवा नियम शोधून आणला होता, शेळीला कडा चढताना फाशावर फायदा मिळतो म्हणे. आडवी पडणारी आधीच आडवी होती. कागदावर नातीच्या अक्षरात माझं नाव होतं. नातीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं ते नाव घेतलं, हळू, शेवटचा आ जरा लांबवून, आणि म्हणाली, "तुझी पाळी."

फासा माझ्या मुठीत होता. पोरी वाट बघत होत्या. मला ओ देता येईना.